उकंडा वल्द नामालूम

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालक काकाजींनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पणजोबाचं नाव काय?"

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून कऱ्हाडहून वर्ध्याला आले होते, एकटी. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं, तरी एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडत. त्याआधीच्या घरांत लग्न का केलं नाही, रात्रपाळी असते का, भेटायला कोणकोण येणार, हे सगळं विचारून झालं होतं आणि माझी उत्तरं तयार होती. पणजोबांची तयारी मी केली नव्हती.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"आज्याचं?"

"ज्ञानू."

"अन् ज्ञानूच्या बापाचं नाई माहीत?"

"नाही हो."

काकाजींचा चेहरा उजळला. आत तोंड करून त्यांनी हाक दिली, "अवं, किल्ली आन. हिलेबी माहीत नाई."

अशा रीतीने माझ्या अज्ञानाच्या जोरावर मला वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघ्यात दोन खोल्या मिळाल्या, विहिरीच्या पाण्यासकट. बाकीच्या अटी काकूंनी सांगितल्या. काकाजींची अट एकच होती. "दिवाळीले घरी जाशीन तं इचारून येजो." मी विचारून आले. पणजोबांचं नाव रखमाजी निघालं. ते ऐकून काकाजींनी मला खात्यात बढती मिळाल्यासारखं माझं अभिनंदन केलं. थोडं वाईटही वाटलं असावं, कारण त्या घरात पणजोबा माहीत नसलेले आता ते एकटेच उरले.

काकाजींनी साठी ओलांडली होती. उभी हयात एका जिनिंगमध्ये मुनीम म्हणून गेली. कापसाच्या गाड्या, वजनं, गाडीवानांची नावं, आणि एकही खाना रिकामा सोडायचा नाही हा दंडक. निवृत्तीनंतर शेत बटाईनं दिलं, मुलगा दिनकर मिलमध्ये लागला, आणि काकाजी मोकळे झाले. मोकळे म्हणजे आठवड्यातून तीनदा तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जायला मोकळे. धोतरावर काळा कोट घालून निघत. वर्ध्याच्या मे महिन्यात लोक ओला पंचा पांघरून बसतात, हे कोटाची वरची गुंडीसुद्धा लावत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कागद म्हातारे हायेत, बाई. त्याईच्या पुढं बनियनवर जाव का?"

जुन्या सरकारी कागदात अमक्याचा मुलगा हे सांगायला 'वल्द' लिहीत. काकाजींच्या बोलण्यात तो शब्द मिठासारखा असे. दूधवाल्याला ते 'रामकृष्ण वल्द गोविंदा वल्द सदाशिव' अशी हाक मारत. हाक संपेपर्यंत रामकृष्ण दूध घालून पुढच्या घरी गेलेला असे. नवीन माणूस भेटला की नमस्कारानंतर लगेच बाप, आजा, पणजा. सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे या टापूतल्या निम्म्या घरांचे पूर्वज त्यांनी हुडकून काढले होते, बहुतेकांना नको असताना. लोक त्यांना भीत. चौकात ते दिसले की एखादा गडी सायकलवरून उतरायच्या ऐवजी जोरात पायडल मारी.

भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन शेजारी होते. दोघांचं एका बांधावरून भांडण होतं, फार मोठं नाही, पोळ्याच्या आसपास एकमेकांच्या आयाबहिणी काढण्याइतपत. काकाजींना जमीनमोजणीच्या एका जुन्या बंदोबस्ताच्या कागदात सापडलं की या दोघांचा पणजोबा एकच. ते आनंदानं कोट घालून दोघांकडे ही शुभवार्ता द्यायला गेले. आता दोघं गळ्यात गळे घालतील अशी त्यांची कल्पना होती. दोघांनी आपापले वकील गाठले. एक पणजोबा म्हणजे एक शेत, आणि एक शेत म्हणजे वाटणी कधी झाली ते दाखवा. आधी हातभर बांधाचं भांडण होतं, ते आता सगळ्या शेताचं झालं. काकाजींना त्यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. "पण नातं तं खरं निंगालं ना!" एवढंच म्हणाले.

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर वंशवृक्ष होता, स्वतः गेरूनं काढलेला. चौकटी, चौकटीत नावं, चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या कुठल्या कुठे दिलेल्या लेकी. सगळ्यांत वर एक चौकट कोरी. दिवाळीला रंगारी आला की त्याला ती भिंत सोडून बाकी घर रंगवायला लागे. मी राहायला गेले तेव्हा घर निळं होतं आणि ती भिंत पांढरी. पुढे घर हिरवं झालं, पिवळं झालं. भिंत पांढरीच राहिली.

कोऱ्या चौकटीखाली त्यांच्या आजोबांचं नाव होतं, उकंडा. उकंडा म्हणजे उकिरडा. त्या भागात हे नाव पुष्कळांचं असतं. लेकरं जगत नसली की पुढच्या लेकराला असं नाव देतात, म्हणजे मरण नाक मुरडून पुढे जातं. उकंडा जगला, संसार केला, सिंदी मेघ्यात शेत घेतलं आणि काकाजींच्या जन्माआधी वारला. पण त्याचा बाप कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उकंडा अगदी तान्हा असताना त्याची आई त्याला घेऊन भावाकडे इथे येऊन राहिली होती, एवढंच सगळे सांगत. मूळ गाव धाम नदीकाठचं कुठलंसं. नवऱ्याचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही. त्या काळी नवऱ्याचं नाव कुठली बाई घेई? म्हणून कोणाला वावगंही वाटलं नाही.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आंबे खायला सुरुवात होते. वर्ध्याकडे तिला आखजी म्हणतात आणि पितर जेवू घालतात. पाण्यानं भरलेली नवी घागर, पत्रावळीवर वडे, पुरण, आमरस, आणि निखाऱ्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेऊन घास. बापाचा घास, आज्याचा घास. तिसऱ्या घासाला काकाजी अडत. भटजींनी सुचवलं होतं, नुसतं पणजोबा म्हणा, पोचतं. काकाजी म्हणाले, "पत्त्याबिगर पोस्टकार्ड पोहोचत नाई अन् वडा पोहोचन?" भटजींनी दक्षिणा उचलली आणि पुढचं घर धरलं. तिसरा घास दरवर्षी हातातच राही, मग तो गाईला देत.

मला वाटायचं हा मुनिमाचा हट्ट आहे, रिकामा खाना सहन होत नाही म्हणून. खरं कारण मला काकूंनी सांगितलं, गच्चीवर कुरडया घालताना. काकू एरवी नवऱ्याची चेष्टाच करत. "जित्या माणसाले चहा इचारत नाई, मेलेल्याच्या मागं फिरते," हे त्यांचं नेहमीचं. त्या दिवशी मी मांजराच्या एका बेवारशी पिलाला गमतीनं 'नामालूम' म्हटलं. काकाजींच्याच कागदांतला शब्द. बापाचं नाव माहीत नसलं की सरकार तसं लिही. खाली बसलेले काकाजी उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

"थो शब्द नको काढत जाऊ, पोरी," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या शेताच्या जुन्या कागदावर थोच लिवला हाये. उकंडा वल्द नामालूम. एकदा बांधाच्या भांडनात बाजूवाल्यानं भर चावडीत म्हटलं, ज्याच्या आज्याले बाप नाई त्यानं आमाले बांध नाई शिकवाचा. अख्खं गाव हसलं. यायनं त्या दिवशी भांडन सोडलं, बांधबी सोडला. दुसऱ्या दिवशी तहसिलीत गेले, थे अजून जाऊनच राह्यले."

त्यानंतर मला त्या काळ्या कोटाचं हसू आलं नाही. कोर्टात उभं राहायला निघालेला माणूस तसा कोट घालतो. हा माणूस आपल्या आज्याची बाजू घेऊन रोज उभा राहत होता, आणि पुढ्यात न्यायाधीश म्हणून तंबाखू मळणारा रेकॉर्डकीपर होता.

या रेकॉर्डकीपरची आणि त्यांची वर्षानुवर्षांची एक ठरलेली चकमक होती. गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद पूर्वी कोतवाल देई. त्याचं कोतवाल बुक. त्यात तान्ह्या मुलाचं नाव नसे, कारण बारसं व्हायचं असे. नुसतं 'अमक्या वल्द तमक्या यास मुलगा झाला' एवढंच.

"काकाजी, बापाचं नाव सांगा, पोरगा काढून देतो," रेकॉर्डकीपर म्हणे.

"बापाचंच तं पाह्यजे."

"मंग पोराचं सांगा."

"उकंडा."

"पोराचं नाव बुकात राहत नाई, काकाजी."

मग दोघं चहा पीत. काकाजी धाम नदीकाठच्या गावांची बुकं एकामागून एक मागवत आणि भिंगाखाली बोट फिरवत. आपल्या जातीच्या, आपल्या आडनावाच्या प्रत्येक 'यास मुलगा झाला' वर थांबायचं, नाव उतरवायचं, मग त्या गावी एसटीनं जाऊन त्या घराची भावकी गाठायची. भावकी म्हणे, आमचा तो मुलगा अमुक, तो इथेच वारला. की ते नाव खोडायचं. कोतवालानं लिहिलेली सगळी मुलं अशी घरोघरी मोजून झाली होती. कुठल्याच घरचा मुलगा बेपत्ता निघत नव्हता, म्हणून उकंड्याला जागाच सापडत नव्हती.

मीही यात ओढली गेले. एके दुपारी काकाजी एक्स्चेंजच्या पायरीवर नागपूरची टेलिफोन डिरेक्टरी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या आडनावाची माणसं त्यांनी निवडून ठेवली होती. ट्रंक कॉल लावून द्यायचा. मी लावला. पलीकडे इतवारीतला कोणी किराण्याचा ठोक व्यापारी होता. ट्रंक कॉल म्हणजे एक तर ऑर्डर नाही तर मयत, असं धरून तो धापा टाकत आला असावा.

"तुमच्या पणजोबाचं नाव काय हो?" काकाजींनी विचारलं.

पलीकडून, "कौन बोल रहा है?"

"मी वर्ध्याहून बोलून राह्यलो. तुमच्या पणजोबाले कोणी भाऊ होता का? धाम नदीच्या काठचा?"

व्यापाऱ्यानं ज्या हिंदीत उत्तर दिलं ते मी मधे बसून ऐकलं, आणि ते काकाजींच्या कानापर्यंत पूर्ण जाऊ दिलं नाही. "लाइन खराब आहे," म्हटलं. ते म्हणाले, "मंग उद्या लावू."

ऐंशी साल उजाडलं तोवर दिनकरच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सून सुमन अबोल, कामसू. तिची दोन बाळंतपणं झाली. दोन्ही लेकरं आठवड्याच्या आत गेली. दुसऱ्या वेळेला मी घरातच होते. ते दिवस मला लिहायचे नाहीत. एवढंच सांगते की काकाजी त्याही महिन्यात दोनदा तहसिलीत गेले आणि काकूंचा संयम सुटला. ओसरीत, माझ्यासमोर त्या म्हणाल्या, "वरचा खाना रिकामा म्हून तुमाले झोप नाई लागत. खालचा रिकामा हाये थो दिसत नाई?"

काकाजींनी भिंतीकडे पाहिलं. दिनकरच्या चौकटीखालची जागा त्यांनी खरोखरच कधी पाहिली नसावी. ते बाहेर जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले.

उकंड्याचा पत्ता शेवटी कागदात लागलाच नाही. तो लागला बोरगाव मेघ्यातल्या एका किराणा दुकानात, आखजीच्या आठवडाभर आधी. दुकानात घागरी विकायला आलेला एक कुंभार बसला होता. काकाजींनी सवयीनं त्याला बाप, आजा, पणजा विचारलं आणि सवयीनंच आपलंही सांगितलं, उकंड्यापर्यंत. कुंभार म्हणाला, "उकंडा? आमची बुढी कोन्या उकंड्याचं नाव घेत राहते. दिवाळीले लुगडं आने म्हणते."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. काकाजींना मधूनच चक्कर येई म्हणून काकूंनी मला बरोबर धाडलं. धाम नदीकाठचं ते गाव काकाजींना चांगलंच ओळखीचं निघालं. तिथल्या स्वतःच्या भावकीच्या प्रत्येक घरी त्यांनी चहा घेतला होता. कुंभारांच्या आळीत मात्र ते कधी गेले नव्हते. तिथं आपला पूर्वज कशाला सापडेल?

अंगणात आखजीच्या घागरी उलट्या मांडून ठेवल्या होत्या आणि छपराखाली बाजेवर बुढी बसली होती. नव्वदीच्या पलीकडची, पण कान शाबूत. काकाजींनी नाव काढताच म्हणाली, "अव माय, उकंडा तं आमच्या घरचा."

"तुमच्या घरचा कसा, आजी? माहा आजा होय थो."

"असन. पन आमी इकत घेतला होता त्याले."

मग तिनं सांगितलं. उकंड्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथा पोटात असताना नवरा पटकीनं गेला. मूल झालं, तशी तिनं पहाटे ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं. कुंभारीण, म्हणजे या बुढीची सासू, ठरल्याप्रमाणे राख टाकायला गेली. लेकरू उचलून मोठ्यानं विचारलं, कोणाचं व हे पोट्टं? कोणी बोललं नाही. आईसुद्धा बोलली नाही, तिथंच उभी होती. कोणाचंच नाही म्हटल्यावर कुंभारणीनं ते घरी आणलं. सूपभर जवारी आईच्या पदरात टाकली. सौदा झाला. मग दूध पाजायला म्हणून लेकरू परत आईच्या मांडीवर दिलं.

"अन् कोतवाल?" काकाजींनी विचारलं.

"माह्या सासऱ्यानं त्याले सांगतलं, आमच्या घरी पोरगा झाला म्हून लिवून दे. यमाचा मानूस कागद पाहून येते म्हनत. चुकीच्या घरी गेला पाह्यजे."

काकाजींनी डोळे मिटले. "हाये," ते म्हणाले. "थे ओळ हाये बुकात. दहा वेळा तरी माहं बोट त्याच्यावरून गेलं असन. कुंभाराची म्हून सोडून देल्ली."

"थो दरसाल दिवाळीले ये," बुढी सांगत राहिली. "माह्या सासूले माय म्हने अन् मले वयनी. लई हासवे. तुह्यासारखंच नाक होतं." काकाजींनी नकळत नाकाला हात लावला. त्या माणसाला मी गावभरच्या पिढ्यांची नावं घडाघडा म्हणताना ऐकलं होतं, पण एका पूर्वजाला नाक होतं ही बातमी त्यांना पहिल्यांदाच कळत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही.

मग त्यांनी कोटातून पेन काढलं. "आजी, उकंड्याच्या खऱ्या बापाचं नाव?"

"हाये मले माहीत. सासूनं सांगतलं होतं, कोनाले तरी ठाऊक असाव म्हून. पन तिनं भाक घेतलती माह्याकून. थे नाव त्या वंशाले लागलं का सौदा मोडते. मंग पोट्ट्याले कोनी राखत नाई."

"आजी, थो उकंडा मरून जमाना झाला. आता कोनतं पोट्टं?"

"तुह्या घरी हाये का कोनी लहान?"

"नाई."

"येनार हाये का?"

सुमनला तेव्हा सहावा लागला होता. काकाजींनी कधी गंडा बांधला नाही, अंगारा लावला नाही. मांजर आडवं गेलं तर ते मांजरालाच वाट देत. मी त्यांच्याकडे पाहत होते. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. चावडीत हसलेलं गाव, तहसिलीतली सारी वर्षं, सगळ्याचं उत्तर हातभर अंतरावर बाजेवर बसलं होतं.

"नका सांगू, आजी," ते म्हणाले.

आम्ही गुळाचा चहा घेतला, एक घागर घेतली आणि परतलो. एसटीत ते मला म्हणाले, "माहा इश्वास नाई या गोष्टीवर." मी म्हटलं, "मग विचारायचं होतं ना." ते म्हणाले, "माहा नाई. येनाऱ्याचा काय इश्वास हाये थे त्याले अजून सांगता येत नाई."

सुमनला मुलगा झाला. आठवडा गेला, महिना गेला. नाव संजय ठेवलं. जन्माची नोंद करायला काकाजी स्वतः गेले, पण बारसं होईपर्यंत थांबले आणि मुलाचं नाव लिहायलाच लावलं. कारकून कुरकुरला. हे म्हणाले, "नाई लिवलं तं शंभर वर्सानं अजून कोनी कोट घालून येईन." त्यानंतर रेकॉर्ड रूमला जाणं बंद झालं. दोन-तीन महिन्यांनी तो रेकॉर्डकीपरच घरी आला, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारायला. बराच वेळ बसला. जाताना म्हणाला, "येत जा ना, काकाजी. करमत नाई."

कोरी चौकट कोरीच राहिली. दरवर्षी आखजीच्या आधी काकाजी घागर आणायला म्हणून त्या गावी जात. बुढी आहे की गेली, एवढंच पाहायचं असे. नुसतं पाहून कसं यायचं, म्हणून तीन-तीन घागरी घेऊन येत. काकू म्हणत, "दुकान टाकता का?" मी म्हणे, "काकाजी, बुढी गेली की नाव गेलं. विचारून टाका." त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोट्टं लहान हाये." मुलाला ताप आला की ते घागरींच्या रांगेपाशी जाऊन उभे राहत. काय म्हणत ते ठाऊक नाही.

मात्र मूळ स्वभाव सुटला नाही. पोरगं बोलायला लागल्याबरोबर त्यांनी त्याला वंशावळ पाठ करून घेतली. कोणीही गालाला हात लावून "कोणाचा रे तू?" म्हटलं की संजय छाती पुढे काढून सुरू होई, "मी संजय वल्द दिनकर वल्द," आणि एका दमात उकंड्यापाशी येऊन थांबे. तिथं थांबताना तो आजोबांकडे पाही. आजोबा दुसरीकडे पाहत.

संजय पहिलीत गेला त्या वर्षी माझी बदली झाली. सामान बांधून झालं होतं. आखजी जवळ होती. काकाजी कोट घालून माझ्या दारात आले. "चल बाई. आता पोट्टं निब्बर झालं. आता इचारतो. साक्षीदार पाह्यजे." संजयला त्यांनी नवा सदरा घातला होता.

बुढी अजून होती. बाजेला चिकटून गेली होती, डोळे पार गेले होते, पण काकाजींचा आवाज तिनं ओळखला. "ये बाप्पा. नावासाठी आला ना?"

"हव, आजी. पोट्टं शाळेत जाते आता. आता सांगा." त्यांनी पेन काढलं, टोपण काढून कोटाच्या खिशात टाकलं.

"सांगतो. आधी त्याले इकडे आन," बुढी म्हणाली.

संजय पुढे झाला. बुढीनं चाचपत त्याच्या डोक्यावरून, कपाळावरून हात फिरवला. नाकापाशी आल्यावर हसली, आणि जुन्या लोकांच्या सवयीनं म्हणाली, "कोनाचा रे तू?"

संजयनं छाती पुढे काढली. "मी संजय वल्द..."

काकाजींनी झडप घालून त्याच्या तोंडावर हात ठेवला. पेन खाली पडलं. इतक्या चपळाईनं त्यांना हलताना मी कधी पाहिलं नव्हतं. घामानं डबडबलेला चेहरा, घट्ट दाबलेला हात, आणि हाताखाली गोंधळलेल्या पोराचे मोठे झालेले डोळे.

"कोनाचाच नाई, आजी," ते म्हणाले. "उकंड्यावर सापडला."

बुढीनं मान डोलावली. तिला फार बरं वाटलेलं दिसलं. पोराच्या पाठीवरून दोनदा हात फिरवून ती म्हणाली, "अन् थे नाव? सांगू ना मंग?"

काकाजींनी वाकून पेन उचललं, धोतराला पुसलं आणि खिशातलं टोपण शोधून लावलं.

"कोनाचं नाव, आजी?" त्यांनी विचारलं.